नक्कल कशासाठी पाहिजे

कोर्ट नाक्यावर फुटपाथला टेबल टाकून बसलेले गोडांबे
पाच रुपयांत कोरा अर्ज देतात,
पंधरात भरून.
मी कोराच घेतला.
अक्षर माझं बरं आहे, वडिलांवर गेलेलं नाही.

आरोपीचे नाव : हिराजी पोशा केणी.
आरोपी या शब्दाशी पेन जरा अडलं,
मग अर्जदाराचं आरोपीशी नातं : मुलगी,
तिथं चाललं.
केस नंबर : माहीत नाही.
निकालाची तारीख : माहीत नाही.
गुन्हा : सिग्नल. (बहुतेक.)

खिडकीमागच्या बाईंनी अर्ज उलटा करून पाहिला,
जणू नंबर पाठीमागे लपला असेल.
"नंबर आणा."
कुठे मिळेल?
"फाइलवर असतो."
आणि फाइल?
"नंबरावरून निघते."
त्या चेष्टा करत नव्हत्या. पुढच्या माणसाचा अर्ज
त्यांनी तितक्याच शांतपणे परत केला.

गोष्ट एवढीच, की कळव्याला खाडीच्या अंगाला
आमची मॅटॅडोर सात वर्षं उभी आहे.
हौद्यात गवत. एका चाकाखाली मांजरीचं बाळंतपण.
भंगारवाला उचलायला तयार आहे, भावही ठरलाय,
पण आरटीओ म्हणतं, गाडीवर एक केस दिसते.
प्रलंबित.
सत्तावीस वर्षं!
बर्फाचा कारखाना गेला, त्या जागी तेवीस मजले आले,
चौकावर पुलाची सावली पडली,
चालवणारा गेला.
केस तेवढी बिचारी ताटकळत उभी.

दुसऱ्या खेपेला
आरसी बुकाच्या चिकट प्लॅस्टिकमधून पावती निघाली,
बर्फाच्या पाण्यानं धुतलेली.
एक्केचाळीस, मग डाग, मग शहाण्णव.
बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, पावती उजेडाला धरली,
"मोकल, शहाण्णवचं समरी रजिस्टर काढा."

मोकल पाऊण तासानं आले, बाह्या काळ्या करून.
"कागद नाहीत. नियमानं नष्ट.
रजिस्टर आहे."
आणि बोट फिरत फिरत
एका ओळीवर थांबलं.

कापूरबावडी. लाल दिवा असताना.
गुन्हा कबूल.
दंड रुपये शंभर. भरला.

म्हणजे संपलीच होती केस, त्याच दिवशी,
कुणी कॉम्प्युटरला सांगितलं नव्हतं इतकंच.
पण मी त्या ओळीत मधेच अडकले.

आमच्या घरी तो दिवा कायम पिवळा होता.
"पिवलाच व्हता," बाबा सांगायचे, जेवताना, लग्नात, बारशाला,
"हवालदाराला पैशे पायजे व्हते,
न् माजा बरफ वितलत व्हता."
आम्ही पिवळ्यावरच वाढलो.
आईचं डोरलं गहाण पडलं, तेव्हाही ते म्हणाले,
मी कुटं टाकला?
मला दहावीनंतर घरी बसवलं, मी कुटं बसवली?
मीठ जास्त झालं तरी समुद्राचा दोष.
असा माणूस
एका सकाळी गाडी बाहेर लावून,
हौद्यातून पाणी ठिबकत असताना,
अनोळखी माणसांसमोर उभा राहिला
आणि दोन शब्द बोलून गेला.

घाई असेल. कबूल केलं की लवकर सुटतात,
गोडांबेही म्हणाले, सगळे तेच करतात.
असेल.
तरी लाल म्हणाले ना.

"नोंदीची नक्कल देता येईल," बाई म्हणाल्या.
दोन द्या.
"दोन कशाला? आरटीओला एक पुरते."
दुसऱ्या अर्जावर तोच रकाना :
नक्कल कशासाठी पाहिजे.
मी मोकळा सोडला.
"मोकळा चालत नाही."
गाडीसाठी, असं लिहिलं, आणि ते खोटं होतं.

शिक्का पडेल दोन्हींवर, खरी नक्कल, गोल, जांभळा.
"बुधवारी या. जेवणाच्या सुट्टीनंतर.
आणि सुट्टे आणा."